डिस्चार्ज कार्डानंतरचे उपचार

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सकाळचा राउंड संपला की घरी सोडायच्या रुग्णांची डिस्चार्ज कार्डे लिहायला घेतली जातात. कार्डावर निदान असते, तपासण्यांचे आकडे असतात, गोळ्यांची नावे असतात आणि तळाशी ‘पंधरा दिवसांनी फेरतपासणी’ असा शेरा असतो. तरुण, कमावत्या आणि घरी माणसे असलेल्या रुग्णाला एवढे पुरते. पण रुग्ण सत्तरीकडे झुकलेला असेल, एक हात-पाय लुळा पडला असेल आणि घर रोजच्या मजुरीवर चालत असेल, तर खरे प्रश्न कार्डाच्या बाहेरच राहतात. दिवसा घरात कोण असते? संडास किती लांब आहे? फेरतपासणीला आणायचे तर मजुरी कोणी बुडवायची? याची उत्तरे नसतील तर चांगले औषधही निम्म्यावर थांबते.

वॉर्डात नेहमी दिसणारे एक चित्र असे. सदुसष्ट वर्षांची विधवा बाई, आयुष्यभर शेतमजुरी केलेली. रक्तदाब असल्याचे दोन वर्षांपूर्वीच सांगितलेले, पण ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या सोडलेल्या. उजव्या बाजूचा पक्षाघात होऊन ती दाखल होते. आठवड्याभरात बोलणे बऱ्यापैकी सुधारते, आधार दिला तर ती चार पावले टाकते. वैद्यकीय दृष्टीने हे उपचारांचे यश आहे. पण दिवाळीनंतर मुलगा आणि सून ऊसतोडीला जाणार असतात, मुकादमाची उचल घेऊन झालेली असते. तिच्या सोबतीला घरी उरतो दहा वर्षांचा नातू. फिजिओथेरपीची सोय तालुक्याच्या गावी, तीस-चाळीस किलोमीटरवर. अशा बाईला तीन महिन्यांनी पाहिले तर ती चालत असेल की अंथरुणाला खिळलेली असेल, हे मेंदूच्या सीटी स्कॅनवरून फारसे सांगता येत नाही. तिच्या घरावरून आणि गावावरून जास्त सांगता येते.

अंथरुणाची किंमत

पक्षाघातानंतर हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढेही सुधारणा होते, पण ती मंद असते. म्हणजे ज्या काळात रोज व्यायाम हवा, आधार धरून उभे राहणे हवे, नेमका तोच काळ घरात पडून जाण्याची शक्यता असते.

म्हातारपणी पडून राहणे फार महाग पडते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्या काळात त्यांच्या पायांचा जवळपास एक किलो मांसल भाग कमी झाला. ही माणसे आजारी नव्हती, त्यांना पोटभर जेवण मिळत होते. आजारातून उठलेल्या आणि भाकरी-चटणीवर असलेल्या माणसाचे काय होत असेल याची कल्पना करता येते. स्नायू गेले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतो, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचा सगळा हिशेबच बदलतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक, काही ठिकाणी त्याहून जास्त, वर्षभरात दगावतात असे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे.

यात एक बारीक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. संडास घराबाहेर असेल आणि दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागत असेल, तर म्हातारी माणसे पाणी पिणे कमी करतात. ‘उगाच कोणाला त्रास नको’ हे त्यामागचे कारण. पाणी कमी झाले की बद्धकोष्ठ होते, लघवीला जंतुसंसर्ग होतो, रक्तदाबाच्या गोळीने उभे राहताना चक्कर येते. मग रुग्ण ताप किंवा भ्रम घेऊन पुन्हा दाखल होतो. केसपेपरवर ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ लिहिले जाते आणि ते चूक नसते. पण एक कमोड खुर्ची वेळेवर घरात आली असती तर ती भरती कदाचित टळली असती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मान्य केलेल्या वर्गीकरणात अपंगत्वाकडे याच नजरेने पाहिले आहे. शरीरातली उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या भेटीतून अपंगत्व तयार होते, असे ते मानते. लुळा पाय तोच, पण पायरीला कठडा असेल तर माणूस अंगणात येतो आणि नसेल तर खाटेवर राहतो. कठडा बसवणे हेही म्हणूनच उपचारात मोडते.

काय उपलब्ध आहे?

अशा कुटुंबांसाठी काहीच नाही, असे म्हणणे खरे नाही. बरेच काही आहे, पण ते वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेले आहे.

पहिली गरज दरमहा हाती येणाऱ्या पैशांची. राज्यात ६५ वर्षांवरील निराधार ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. त्याखालील वयाच्या निराधार, विधवा, दिव्यांग आणि कर्करोग, क्षय, कुष्ठरोग यांसारख्या आजारांनी काम करू न शकणाऱ्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दोन्हींपैकी कोणत्याही योजनेत दरमहा दीड हजार रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम अडीच हजार करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रात करायचा असतो. वयाचा पुरावा, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो.

दुसरी गरज साधनांची. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, कंबरपट्टा अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये बँक खात्यात जमा करण्याची तीत तरतूद आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून शिबिरांतून साधने देते. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची योजना तर १९८१ पासूनची आहे.

तिसरी गरज प्रवासाची. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि सर्व वयाच्या स्त्रियांनाही अर्धे तिकीट आहे. प्रमाणपत्रधारक दिव्यांगांना सवलत त्याहून मोठी आहे. अडचण असते ती गावातून एसटीच्या फाट्यापर्यंत पोचण्याची आणि गाडीची उंच पायरी चढण्याची.

चौथी गरज रुग्णालयाच्या खर्चाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. मात्र या सगळ्यांचा भर दाखल झालेल्या रुग्णावर आहे. घरी गेल्यावर लागणारी रोजची मदत, मालिश, व्यायाम, डायपर, दूध-अंडी यांचा खर्च यात कुठेच बसत नाही.

पाचवी गोष्ट कायद्याची. पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चा आहे. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश होऊ शकतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती मोफत मदत देते. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

घोडे कुठे अडते?

मग एवढे असूनही त्या सदुसष्ट वर्षांच्या बाईपर्यंत ते का पोचत नाही?

पहिले कारण अटींचे आहे. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१ हजार रुपये आहे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. आजच्या मजुरीच्या दरात घरातला एक माणूस महिन्याला जेमतेम पाच-सहा दिवस कामावर गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे एक तर खरोखर गरीब असलेले घर बाहेर पडते, नाही तर दाखल्यावरचा आकडा आणि घराची स्थिती यांचा मेळ बसत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा तर ऐंशी वर्षांखालील व्यक्तीसाठी कित्येक वर्षे दरमहा दोनशे रुपयेच राहिला आहे. वरची भर राज्य घालते.

दुसरे कारण वेळेचे आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर बरेच काही अवलंबून असते आणि बहुतेक लाभांसाठी ते किमान ४० टक्के लागते. पक्षाघातात हालचाल कितपत परत येते हे कळायला काही महिने जातात, त्यामुळे कायम अपंगत्वाचे मोजमाप लगेच होत नाही. ते योग्यच आहे. पण ‘सहा महिन्यांनी या’ हे वाक्य तोंडी सांगितले जाते, कागदावर तारीख नसते आणि सहा महिन्यांनी ते कोणाच्या लक्षात नसते. ज्या महिन्यांत मदतीची सर्वाधिक गरज असते, त्याच महिन्यांत हाती कागद नसतो.

तिसरे कारण देहाचे आहे. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. रेशन दुकानात, बँकेत, सेतू केंद्रात पुन्हा पुन्हा अंगठा लावूनही ‘जुळत नाही’ असे उत्तर येते. डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण ती मागायची असते हे माहीत नसते. दरवर्षी हयातीची पडताळणी करावी लागते. जो माणूस खाटेवरून उठू शकत नाही त्याचीच पडताळणी राहते आणि त्याचेच अनुदान थांबते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सत्तरीपुढील आणि दिव्यांग किंवा अशक्त ग्राहकांना घरी जाऊन मूलभूत सेवा देण्याबाबत बँकांना सूचना दिल्या आहेत. त्या ऐकून असलेले ग्राहक थोडे.

हिशेब केला तर त्या बाईसाठी तहसील, सेतू, बँक, रेशन दुकान, जिल्हा रुग्णालय आणि समाजकल्याण कार्यालय अशी सहा दारे आहेत. प्रत्येक दारी दोनच खेपा धरल्या तरी बारा दिवसांची मजुरी जाते. धडधाकट माणसाला जमणार नाही ते लुळा हात सांभाळत म्हातारीने करायचे असते. योजना तिच्यासाठी असते, पण तिथवर जायचा रस्ता तिच्यासाठी नसतो.

रस्ता दाखवणारा माणूस

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड कॅबट यांना बाह्यरुग्ण विभागात काम करताना हेच जाणवत होते. ज्याच्या घरी अन्न नाही त्याला पौष्टिक आहार लिहून देणे आणि ज्याला सुटी घेता येत नाही त्याला विश्रांती सांगणे व्यर्थ होते. १९०५ मध्ये त्यांनी रुग्णालयात समाजसेविकेची नेमणूक केली. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली गेली. देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवक म्हणून नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली.

आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. बेवारस रुग्ण, योजनांची कागदपत्रे, देणगीदारांकडून औषधे, नातेवाइकांची समजूत अशी सगळी कामे त्यांच्याकडे येतात. रुग्णांच्या संख्येच्या मानाने ही माणसे मोजकीच. त्यात अनेकदा त्यांना बोलावणे जाते ते शेवटच्या दिवशी, रुग्णवाहिका दारात उभी असताना. खरे तर पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे, पाय कापावा लागणे अशा निदानांत दाखल झाल्यापासून दोन-तीन दिवसांतच त्यांची गाठ पडायला हवी. वॉर्डातले आठ दिवस हा कागद जमवण्याचा सर्वांत सोयीचा काळ असतो. नातेवाईक तिथेच असतात आणि केसपेपर हाताशी असतो.

गावाकडचा दुवा म्हणजे आशा. राष्ट्रीय ज्येष्ठ आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत वृद्धांची काळजी व वेदनाशामक सेवा यांचा समावेश आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची गावनिहाय यादी आणि त्यांच्या घरी भेटी अपेक्षित आहेत. पण आशांच्या कामाच्या यादीत माता, बालके, लसीकरण, क्षय आणि सर्वेक्षणे आधीच आहेत. म्हातारीच्या घरी जाऊन पाठीला जखम झाली आहे का हे पाहणे त्यात मागे पडते.

केरळचा अनुभव इथे उपयोगी आहे. कोळिकोडमध्ये १९९३ साली डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी मिळून वेदनाशामक सेवेचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात त्याचे रूप बदलले. शेजारपाजारच्या लोकांना थोडे प्रशिक्षण देऊन घरी पडून असलेल्या रुग्णांची जबाबदारी त्यांनी वाटून घेतली. कर्करोगाबरोबरच पक्षाघात आणि म्हातारपणाने जखडलेलेही त्यात आले. २००८ मध्ये केरळ सरकारने या कामासाठी धोरण केले आणि पंचायतींच्या पैशातून नर्सच्या गृहभेटी सुरू झाल्या. तिथे डॉक्टर सर्वांत कमी वेळा घरी येतो, नर्स त्याहून जास्त वेळा आणि शेजारी सर्वांत जास्त वेळा. अशा रुग्णाची गरजही नेमकी याच क्रमाने असते.

महाराष्ट्रातल्या पंचायतींकडे यासाठी मुळीच पैसे नाहीत असे नाही. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महापालिकांनी आपल्या स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. लहान गावात ही रक्कम फार नसते. पण दोन कमोड खुर्च्या, दोन वॉकर, एक व्हीलचेअर आणि हवेची एक गादी गावाच्या मालकीची असली तर ती एकामागून एक घरांत फिरू शकते. पायऱ्यांना कठडा बसवायला लोखंडी पाइप आणि गावातला वेल्डर पुरतो. हा निधी कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

घरच्यांनी काय करावे?

घरी सोडण्याच्या किमान दोन दिवस आधी वॉर्डात समाजसेवा अधीक्षकांची भेट मागावी. डिस्चार्ज कार्डावर निदानाबरोबर रुग्ण स्वतः काय करू शकतो आणि काय नाही, हे लिहून घ्यावे. पुढच्या अर्जांना त्याचा आधार मिळतो. दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी कधी यायचे ती तारीख कागदावर घ्यावी. तोवर वयाच्या निकषावर निवृत्तिवेतनाचा अर्ज करता येत असेल तर तो लगेच करावा, प्रमाणपत्रासाठी थांबू नये. ते मिळाले की पुढे जोडावे.

कूस कशी बदलायची, खाटेवरून खुर्चीत कसे बसवायचे, घास गिळताना ठसका लागत असेल तर काय करायचे, हे नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्यासमोर स्वतः करून पाहावे. नुसते ऐकून ते जमत नाही. पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, टाचा आणि माकडहाड रोज पाहावे. मागितल्याशिवाय पाणी द्यावे. खाट दाराजवळ किंवा खिडकीजवळ ठेवावी, म्हणजे येणारे-जाणारे दिसतात आणि बोलणे होते. गप्प झालेला, जेवण टाळणारा रुग्ण ‘वयामुळे’ तसा आहे असे समजू नये. पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळदा येते आणि ते औषधांनी व बोलण्याने सुधारते.

ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत तिथे योजना, निवृत्तिवेतन, कायदा आणि छळाच्या तक्रारी यांबाबत मोफत मार्गदर्शन मिळते. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

रुग्णालयांनीही एक सोपी गोष्ट करण्यासारखी आहे. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर फेरतपासणीच्या शेऱ्याखाली आणखी तीन ओळी असाव्यात: दिवसा घरी कोण असणार, कोणते साधन लागणार आणि कोणत्या योजनेचा अर्ज कोण करणार. तिसऱ्या ओळीत एका माणसाचे नाव आणि मोबाइल नंबर हवा. तो मुलगा असेल, शेजारी असेल, आशा असेल किंवा गावातला बारावी झालेला एखादा पोरगा असेल. कार्ड गावच्या आरोग्य उपकेंद्रात दाखवले की त्या घराला पहिल्या आठवड्यातच भेट द्यायची, एवढे ठरले तरी पुष्कळ होईल. ऊसतोडीला गेलेल्या मुला-सुनेला मग गावात फोन करून विचारायला कोणी तरी असेल: आज आई उठून बसली का, किती पावले चालली, आणि तहसीलचे काम कुठवर आले.